पावसाळ्यात तयारी, सीझनला बोलणं: कामापुरतं इंग्रजी पक्कं कसं करायचं

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्याच्या ऑफिसात मी बारा वर्षं काम केलं. फोन मुंबईहून यायचे, मंगळूरहून यायचे, अधूनमधून दुबईहूनही यायचे. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. मेल वाचून कळायची, उत्तर लिहिता यायचं, बिलावरचा शब्द न् शब्द समजायचा. पण समोरून इंग्रजी बोलणं सुरू झालं की घशाला कोरड पडायची. कागदावरचं वाक्य दोनदा वाचता येतं, फोनवरचं वाक्य एकदाच येतं आणि निघून जातं.

आता संध्याकाळी आमच्या पडवीत सात-आठ जण जमतात. तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या एक काकू आणि त्यांचा भाचा, देवगडचा एक आंबा बागायतदार, कुडाळच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळणारा एक मुलगा, आणि असेच बाकीचे. सगळ्यांची अडचण एकच आहे: व्याकरण माहीत आहे, शब्द माहीत आहेत, आणि तरीही तोंड उघडत नाही. भाषेची पातळी मोजायची जी युरोपीय पद्धत आहे, ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्यांची, तिच्यात ही मंडळी बी-वनच्या आसपास येतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आणि तुम्हीही तिथेच अडकला असाल तर तुमच्यासाठी. साधं वाक्यच अजून जुळत नसेल, तर आधी ते जुळवा आणि मग इकडे या.

पहिली पायरी: स्वतःचे दहा संवाद लिहून काढा

बाजारातल्या बिझनेस इंग्लिशच्या पुस्तकांत बोर्ड मीटिंग असते, शेअरहोल्डर असतात. तुमच्या आयुष्यात ते प्रसंग कधी येणार? एक साधी वही घ्या. आठवडाभर कामाच्या निमित्ताने जी बोलणी होतील ती त्यात टिपा, मराठीत झालेली असोत, मालवणीत किंवा हिंदीत. आणि प्रत्येकीपुढे स्वतःला विचारा, हाच माणूस इंग्रजीत बोलला असता तर?

तारकर्लीच्या काकूंच्या वहीत अशी बोलणी निघाली: खोली रिकामी आहे का, जेवणात मासे नको असतील तर काय मिळेल, कुडाळ स्टेशनवर गाडी पाठवाल का, बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात का, आणि सगळ्यात अवघड म्हणजे समुद्र खवळलाय, उद्या स्कूबा होणार नाही हे पाहुण्याला सांगणं. बागायतदाराची यादी वेगळी निघाली: पेटीत किती डझन, फळ केवढं, कशाने पिकवलंय, कधी पोचेल, आणि चार फळं डागी निघाली ही तक्रार. असे दहा संवाद पुष्कळ झाले. त्यातले तीन रोजचे असतात, सुरुवात त्यांच्यापासून करा.

प्रत्येक संवादाखाली दोन ओळी ओढा. एकीत समोरचा हमखास काय विचारेल ते लिहा, दुसरीत तुम्हाला त्याच्याकडून काय काढून घ्यायचंय ते. पूर्ण वाक्यं लिहून पाठ करू नका. पाठ केलेलं बोलणं पहिल्या प्रश्नापर्यंत टिकतं आणि दुसरा प्रश्न वेगळा आला की माणूस गप्प होतो. मुद्दे लिहा, वाक्य तोंडाला जुळवू द्या.

एक गोष्ट मात्र घोटून तयार ठेवा, ती म्हणजे आपल्या धंद्यातली जी बाब बाहेरच्याला कळत नाही, ती दोन वाक्यांत सांगणं. काजूत 'डब्ल्यू थ्री ट्वेंटी' ही प्रत आहे. तिचा अर्थ मी असा सांगायचे: 'इट मीन्स अप टू थ्री हंड्रेड अँड ट्वेंटी होल कर्नल्स टु अ पाउंड. द स्मॉलर द नंबर, द बिगर द नट.' एवढं सांगितलं की नवा ग्राहक पुढचे प्रश्न स्वतःहून विचारायला लागतो. आंबेवाल्याला हटकून विचारतात, हा खरा हापूस कशावरून? हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला आहे. हे इंग्रजीत दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, न अडखळता, झोपेतून उठवलं तरी.

दुसरी पायरी: जहाजावरच्यासारखं परत बोला

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

कोकणात घरटी नाही तरी वाडीगणिक कोणीतरी जहाजावर असतं. माझा चुलतभाऊ आहे. त्याच्या जहाजावर फिलिपिनो आहेत, युक्रेनी आहेत, चिनी आहेत, आणि कोणाचंच इंग्रजी घरचं नाही. तरी शेकडो मीटर लांबीचं जहाज ते अरुंद वाटेने बंदरात आणतात. कसं, ते त्याने मला एकदा सुट्टीवर आला असताना समजावलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजावरच्या बोलण्याची ठरावीक वाक्यं मंजूर केली. त्यांत तीन सवयी आहेत. बोलण्याआधी काय बोलणार ते सांगायचं: 'क्वेश्चन', 'रिक्वेस्ट', 'इन्फर्मेशन', 'वॉर्निंग'. आकडा सुटा करून सांगायचा: दीडशे म्हणजे 'वन-फाइव्ह-झीरो'. आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. सुकाणू धरणारा 'येस सर' म्हणून थांबत नाही. 'पोर्ट टेन', म्हणजे सुकाणू दहा अंश डावीकडे, असा हुकूम आला की तो 'पोर्ट टेन' म्हणतो आणि मगच चाक फिरवतो.

हे ऐकलं आणि माझं फोनवरचं बोलणं बदललं. तोवर मी सगळा जोर स्वतः नीट बोलण्यावर लावत होते. ऐकलेलं परत बोलायला लागल्यावर दोन फायदे झाले. चुका तिथल्या तिथे पकडल्या जायला लागल्या, आणि परत बोलताना जे तीन-चार सेकंद मिळतात त्यात पुढचं वाक्य जुळायला लागलं.

धंद्याच्या बोलण्यात याची वाक्यं अशी होतात:

'कॅन आय रीड दॅट बॅक टु यू?'
'सो दॅट्स ट्वेंटी कार्टन्स, बाय द टेंथ ऑफ एप्रिल. इज दॅट राइट?'
'आय गॉट द क्वांटिटी. व्हॉट वॉज द डेट?'
'डिड यू से वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?'

तिसरं वाक्य बघा. नुसतं 'पार्डन?' म्हटलं तर समोरचा सगळंच परत सांगतो, बहुधा त्याच वेगाने, आणि तुम्ही पुन्हा तिथेच अडखळता. काय कळलं ते आधी सांगून राहिलेलंच विचारलं की तो तेवढंच सावकाश सांगतो. शिवाय तुम्ही लक्ष देऊन ऐकताय हेही त्याला कळतं. आमच्याकडचे बरेच जण परत विचारायला लाजतात, समोरच्याला वाटेल याला इंग्रजी येत नाही म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. खरेदी-विक्रीत मुरलेली माणसं परत विचारणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवतात.

याच ओघात एक सवय मोडायला हवी. मराठीत आपण फोनवर 'हां, हां', 'हो, हो' करत राहतो. त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच असतो. तेच इंग्रजीत 'यस, यस' झालं की समोरचा समजतो की अट मान्य झाली. ऐकतोय एवढंच सांगायचं असेल तेव्हा 'आय सी' किंवा 'राइट, गो ऑन' म्हणा. 'यस' मान्य करण्यासाठी राखून ठेवा.

नावं आणि ईमेल पत्ते सांगताना अक्षरं जहाजवाल्यांसारखी सांगावीत. आपण 'बी फॉर बॉम्बे' म्हणतो ते देशात चालतं, बाहेर ए, बी, सीसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही प्रत्येक अक्षराला एकेक ठरलेला शब्द देणारी यादी सगळीकडे कळते. वेंगुर्ले इंग्रजीत Vengurla असं लिहितात, ते सांगायचं तर: व्हिक्टर, एको, नोव्हेंबर, गोल्फ, युनिफॉर्म, रोमिओ, लिमा, अल्फा. सव्वीसच्या सव्वीस शब्द पाठ करायला दोन संध्याकाळी लागतात. आधी आपलं नाव, गावाचं नाव आणि ईमेल एवढ्यांची अक्षरं पाठ करा.

तिसरी पायरी: आकडे

आकड्यांत मराठी माणूस दुहेरी अडकतो. पहिलं म्हणजे आपण आकडा मनात मराठीत धरतो. 'एकोणऐंशी' मनात धरून 'सेव्हंटी नाइन' म्हणायचं तर डोक्यात उलटापालट करावी लागते, आणि तेवढ्यात समोरचा पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. उपाय एकच, आकडा ऐकताक्षणी अंकांत लिहायचा, मनात वाचायचा नाही. दुसरं, आपलं दीड, अडीच, साडे, पावणे. अडीच लाख म्हणजे 'टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड', दीड कोटी म्हणजे 'फिफ्टीन मिलियन'. एक कोटीचे दहा मिलियन हे ज्याच्या अंगवळणी पडलं त्याचं निम्मं काम झालं. भारतातल्या ग्राहकाशी लाख-कोटी बिनधास्त बोला, बाहेरच्याशी नको.

थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी या जोड्या खराब रेंजमध्ये सारख्याच ऐकू येतात. बोलताना 'टीन'वर जोर द्या आणि लगेच अंक सुटे करून सांगा: 'फिफ्टीन, वन-फाइव्ह'. दशांशचिन्हानंतरचे अंक एकेक वाचायचे. काजूचा निर्यातीचा डबा पंचवीस पाउंडांचा, म्हणजे 11.34 किलोचा असतो. तो 'इलेव्हन पॉइंट थ्री फोर', 'थर्टी फोर' नव्हे. भाव ऐकला की हे दोन प्रश्न ठरलेले: 'पर किलो ऑर पर पाउंड?' आणि निर्यातीचा माल असेल तर 'इज दॅट एफओबी ऑर सीआयएफ?' एफओबी न्हावा शेवा म्हणजे माल तिथे जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम तुमची. सीआयएफ म्हटलं की समुद्राचं भाडं आणि विमा धरून तिकडच्या बंदरापर्यंतचा भाव. यात गल्लत झाली तर पुढचं सगळं गोड बोलणं वाया जातं.

तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या. 5/6 म्हटलं तर आपल्याला पाच जून दिसतो आणि अमेरिकन माणसाला सहा मे. वेळेला शहराचं किंवा देशाचं नाव जोडा: 'फोर थर्टी, इंडिया टाइम'. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, टोकियो साडेतीन तास पुढे, आणि लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे. इंग्रज माणूस 'हाफ फोर' म्हणाला तर ते आपलं साडेचारच. पण जर्मन माणसाच्या भाषेत तशीच रचना साडेतीनसाठी आहे, म्हणून 'फोर थर्टी?' असं विचारून घ्या.

सराव असा करतात: एकाने कागदावर दहा आकडे लिहायचे, भाव, वजन, तारीख, फोन नंबर असे मिसळून, आणि नेहमीच्या वेगाने वाचायचे. दुसऱ्याने आधी मोठ्याने परत बोलायचं आणि मगच लिहायचं. आठवडाभर रोज पाच मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका लवकर फरक मला दुसऱ्या कशाने दिसला नाही.

चौथी पायरी: 'द्याल का' इंग्रजीत कुठे असतं

मराठीत आदर क्रियापदात असतो. पाठव, पाठवा, पाठवाल का, पाठवता आलं तर बरं होईल. इंग्रजीतलं 'सेंड' काही बदलत नाही, म्हणून आपण सरळ 'सेंड मी द पेमेंट' म्हणून मोकळे होतो. मनात 'पाठवा हं' असतं, कानावर मात्र 'पाठव' पडतं. 'प्लीज' लावून ते पूर्ण सुधारत नाही. 'प्लीज सेंड द पेमेंट टुडे' हा हुकूमच राहतो, जरा सौम्य एवढंच.

आमच्या पडवीत हा खेळ आवडता आहे. एक वाक्य घ्यायचं आणि तीन पायऱ्या चढवायचं.

पाठवा: 'प्लीज सेंड अस द पेमेंट डिटेल्स.'
पाठवाल का: 'कुड यू सेंड अस द पेमेंट डिटेल्स?'
पाठवता आलं तर बरं होईल: 'वुड इट बी पॉसिबल टु सेंड अस द डिटेल्स टुडे?'

रोजच्या कामाला मधली पायरी पुरते. तिसरी ठेवायची नव्या ग्राहकाला किंवा अवघड मागणीला. चूक दाखवतानाही असंच. 'यू आर राँग' म्हणण्यापेक्षा 'आय थिंक देअर मे बी अ मिसअंडरस्टँडिंग' म्हटलं की समोरचा स्वतःचा कागद तपासायला जातो. वाईट बातमीआधी 'आय'म अफ्रेड' येतं: 'आय'म अफ्रेड द सी इज टू रफ फॉर डायव्हिंग टुमॉरो.' काकूंच्या भाच्याला याचा अर्थ 'मला भीती वाटते' असा लागून तो सुरुवातीला हे वाक्य म्हणायलाच तयार नव्हता. आपण 'वाईट वाटतं सांगायला' म्हणतो तसंच ते आहे हे कळल्यावर ते त्याच्या तोंडात बसलं.

वाक्यागणिक 'सर, सर' करायची गरज नाही. बाहेरचा ग्राहक मेलच्या खाली नुसतं पहिलं नाव लिहीत असेल तर त्याच नावाने बोला, त्यात त्याचा अनादर होत नाही.

पाचवी पायरी: 'बघूया' म्हणजे काय ते ठरवा

एका वर्षी मार्चमध्ये बाहेरच्या एका खरेदीदाराने विचारलं, शुक्रवारपर्यंत माल निघेल का? मी म्हटलं, 'यस, यस, वी विल ट्राय.' माझ्या मनात ते 'बघूया, होतला' असं होतं. आमच्याकडे एवढं ऐकलं की माणूस ओळखतो, शुक्रवार काही खरा नाही. त्याने ते होकार म्हणून घेतलं आणि शुक्रवारसाठी त्याच्या बाजूने गाडी ठरवली. माल सोमवारी निघाला. गाडीचं भाडं त्याला दोनदा पडलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, तुम्ही 'नो' म्हणाला असतात तर मी सोमवारची गाडी केली असती. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं वाईट दिसतं. धंद्याच्या इंग्रजीत मोघम हो जास्त वाईट. नाही म्हणायची रीत शिकून घ्या: काय जमणार नाही, काय जमेल, आणि नक्की कधी. 'नॉट बाय फ्रायडे, आय'म अफ्रेड. वी कॅन डिस्पॅच ऑन मंडे मॉर्निंग.' खरंच ठाऊक नसेल तर तेही सांगा, पण वेळ बांधून: 'आय डोंट नो यट. आय'ल कॉल यू बॅक बाय फोर टुडे.' आणि चारला फोन करा, सांगण्यासारखं काही नसलं तरीही करा.

याचा सराव करताना समोरच्याने मुद्दाम तीनदा आग्रह करायचा, आणि तुम्ही तिन्ही वेळा नम्रपणे तेच सांगायचं. पहिल्या दिवशी जवळपास सगळेच दुसऱ्या आग्रहाला वाकतात.

सहावी पायरी: मराठीची सावली

सगळ्या चुका एकदम सुधारायला जाऊ नका. या चार पुष्कळ आहेत.

'दोन वर्षांपासून काम करतोय' याचं आपण 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' करतो. हवं ते 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. किती काळ ते 'फॉर', कधीपासून ते 'सिन्स': 'फॉर टू इयर्स', 'सिन्स जून'.

'आय ॲम हॅविंग टू रूम्स', 'आय ॲम नोइंग हिम' नको. 'आय हॅव', 'आय नो' पुरे.

प्रश्नात शब्दांची जागा बदलते. 'व्हेन यू विल रीच?' नव्हे, 'व्हेन विल यू रीच?' मराठीत कर्ता आणि क्रियापद जागच्या जागी राहतात म्हणून ही चूक जिभेवर बसलेली आहे, ती वाचून जात नाही, मोठ्याने बोलूनच जाते.

'आय हॅव अ डाउट' म्हटलं की परदेशी माणसाला वाटतं तुम्हाला त्याचा संशय आहे. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल' हे बंगळुरूच्या ग्राहकाशी खुशाल बोला, ते आपल्या देशाचं इंग्रजी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. बाहेरच्याला ते कळेलच असं नाही, एवढंच.

उच्चारांबद्दल थोडक्यात. आपला हेल बदलायची गरज नाही, वेग कमी केला आणि वाक्याच्या शेवटी थांबलात की निम्मं काम होतं. फक्त 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे करा: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठ गोल होतात. 'झेड'साठी 'जीवन'मधला ज नको, 'जहाज'मधला ज त्याच्या जवळचा आहे.

सातवी पायरी: रोजची वीस मिनिटं

जोडीदार शोधा. त्याचं इंग्रजी तुमच्यापेक्षा चांगलं असलंच पाहिजे असं नाही, रोज येणारा मात्र हवा.

पहिली पाच मिनिटं आकडे. नंतरची दहा मिनिटं एक संवाद, पण पाठीला पाठ लावून बसा. समोरासमोर बसलं की आपण चेहऱ्यावरून अर्थ लावतो, हातवारे करतो. फोनवर यातलं काही नसतं. आमच्या पडवीवर पत्रा आहे. जुलैत त्यावर पाऊस कोसळायला लागला की एकमेकांचं धड ऐकू येत नाही, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी 'आय मिस्ड द लास्ट पार्ट' आपोआप तोंडातून बाहेर पडतं. मी तेव्हा कोणाला आत बोलावत नाही.

एकदा तुम्ही विक्रेते व्हा, एकदा ग्राहक. ग्राहक झाल्यावर कळतं की आपल्याला काय ऐकायचं असतं: भाव, तारीख, आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा. शेवटची पाच मिनिटं फोनवर रेकॉर्ड केलेलं ऐका आणि जोडीदाराने दोनच चुका सांगाव्यात. दहा सांगितल्या तर उद्या तो माणूस येत नाही. ग्राहकांचे खरे फोन त्यांना न विचारता सरावासाठी रेकॉर्ड करू नका.

जोडीदार नसेल त्या दिवशी काम करताना स्वतःशी बोला. पेटी भरताना, खोली आवरताना, हात काय करताहेत ते इंग्रजीत सांगत राहा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे ध्वनिमुद्रित भाग फुकट मिळतात. एखादा आधी मजकूर न बघता ऐका, मग एकेक वाक्य थांबवून त्याच चालीत म्हणा. फोनमधल्या बोलणाऱ्या एआय ॲपलाही सांगता येतं, तू दुबईतला काजू खरेदीदार हो आणि भावासाठी अडून बस. ते थकत नाही, चिडत नाही, लाजऱ्या माणसाला सुरुवातीला सोयीचं आहे. पण ते आपलं चुकलेलंही समजून घेतं, त्यामुळे परत बोलून खात्री करायची सवय त्याने लागत नाही. ती माणसाबरोबरच लागते.

हे सगळं कधी करायचं? सीझनला नाही. एप्रिल-मेमध्ये कोणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते. जून लागला की आंबा संपलेला असतो, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, डायव्हिंग बंद, होमस्टे रिकामे. लाइट गेली तरी पडवीत दोन माणसं बोलू शकतात, त्याला नेट लागत नाही. आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात. त्यांच्यातले कितीतरी ऑफिसात दिवसभर इंग्रजी फोन घेत असतात. आरतीनंतर त्यांना पंधरा मिनिटं बसवा, 'दादा, तू ग्राहक हो' म्हणा. गेल्या वर्षी देवगडच्या बागायतदाराने आपल्या पुतण्याकडून असे पाच दिवस तक्रारीचे फोन करवून घेतले. पुतण्या नोकरीत रोज तक्रारीच ऐकतो, त्यामुळे त्याने काकांची एकही पळवाट सोडली नाही.

कामाआधीच्या चार गप्पा

फोनच्या सुरुवातीला अर्धं मिनिट हवापाण्याचं बोलणं पुरतं. आपल्याकडे पावसाचा विषय कायम हाताशी असतो: 'इट्स बीन रेनिंग सिन्स धिस मॉर्निंग हिअर. हाउ इज द वेदर देअर?' होमस्टेच्या पाहुण्याला 'हाउ वॉज युअर जर्नी?' आणि मग 'हॅव यू ईटन?' जरूर विचारा, जेवलात का हे आपल्या दारात शोभतं. परक्या खरेदीदाराला फोनवर ते विचित्र वाटेल. लग्न, पगार, वय यांबद्दल स्वतःहून विचारू नये.

पहिला खरा फोन

फोन करण्याआधी चार ओळींचा कागद समोर ठेवा: मी कोण, कशासाठी फोन, कोणते तीन आकडे मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि शेवटचं वाक्य. शेवटचं वाक्य लिहायचंच, कारण संवाद बंद करताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'थँक यू फॉर युअर टाइम. आय'ल सेंड यू अ मेसेज विथ द डिटेल्स.' उभं राहून बोला, आवाज मोकळा निघतो. आत शिरताच, जहाजवाल्यांसारखं, कशासाठी बोलतोय ते सांगा: 'आय'म कॉलिंग अबाउट युअर ऑर्डर. आय हॅव टू क्वेश्चन्स.' ऐकणारा दोन प्रश्नांसाठी तयार होतो, आणि तुम्हीही भरकटत नाही.

मध्ये शब्द सुचला नाही तर गप्प राहू नका. 'लेट मी थिंक फॉर अ सेकंड' म्हणा. वस्तूचं नाव आठवलं नाही तर ती कशासाठी वापरतात ते सांगा. काजूचं टरफल फोडायच्या अडकित्त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला एकदा आठवेना, तर 'द टूल वी यूज टु ओपन द शेल' म्हटलं आणि काम झालं.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत ठरलेलं लिहून पाठवा, चार-पाच ओळींत, आकडे अंकांत, महिना नावाने, आणि खाली 'प्लीज लेट मी नो इफ आय हॅव मिस्ड एनीथिंग'. मग वही उघडा आणि नेमकं कुठे अडलं ते एका ओळीत टिपा: कोणता प्रश्न कळला नाही, कोणता आकडा दोनदा विचारावा लागला, कुठे 'यस' म्हणून गेलो आणि म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत पाठीला पाठ लावून बसलात की पहिला संवाद त्या ओळीचा घ्या.